कोडमधूनच माहितीपुस्तिका

प्रश्न : रावेर भागातील केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही जावा या संगणकभाषेत वजन-हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. कोड बदलत राहतो, पण स्वतंत्र माहितीपुस्तिका जुनीच राहते. कोडमध्येच लिहिलेल्या टिपांवरून (कॉमेंटांवरून) ती आपोआप तयार होईल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : होईल, आणि त्यासाठी काही विकतही घ्यावे लागणार नाही, कारण जावाडॉक हे साधन जेडीके या जावाच्या विकास-संचाबरोबरच येते. क्लास (कोडचा एक घटक) किंवा मेथड (त्यातील एखादे काम करणारा भाग) यांच्या लगेच वर, एक तिरकी रेघ व दोन तारे यांनी सुरू होणारी कॉमेंट ते वाचते आणि तिच्यातील पॅरम (मेथडला दिली जाणारी माहिती), रिटर्न (मिळणारे उत्तर), थ्रोज (येऊ शकणारी त्रुटी) या खुणांवरून एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारी) पाने बनवते. प्रायव्हेट (क्लासच्या आतच वापरायच्या) मेथड मात्र, वेगळे सांगितल्याशिवाय, त्या पानांत येत नाहीत.

जेडीके ८ पासून जावाडॉकमध्ये असलेली डॉकलिंट ही कॉमेंटांची तपासणी पॅरमपुढचे चुकीचे नाव पकडते. मजकूर खरा आहे की नाही, हे तिला कळत नाही. ‘वजन म्हणजे वजन’ अशी कॉमेंट तपासणीत उत्तीर्ण होते, पण (माझ्या मते) ती नसलेलीच बरी. त्याऐवजी ‘वजन क्विंटलमध्ये द्यावे; किलोचा आकडा दिल्यास रक्कम शंभरपट येईल’ असे लिहिले, तर पुढे कोड हाताळणाऱ्याला उपयोग होतो. कॉमेंट मराठीत लिहिण्यास हरकत नाही. फक्त विंडोजवर जेडीके १८ च्या आधीची आवृत्ती असल्यास एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचे जावाडॉकच्या आदेशात नमूद करावे, अन्यथा देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात.