पट्टी दुमडायची मुलांनी

प्रश्न : ताई, मी चौथीला गणित शिकवते. अपूर्णांकांसाठी दोन रात्री जागून रंगीत तक्ते केले, गाणं बसवलं, मुलं टाळ्या वाजवत म्हणालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी १/८ आणि १/४ यांत मोठा कोणता विचारलं, तर निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला १/८. कारण काय, तर आठ चारापेक्षा मोठे! पाठ सर्जनशील हवा म्हणतात. मी आणखी काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : तुमची मुलं नियमाला धरूनच चुकली आहेत. आजवर भेटलेल्या प्रत्येक संख्येत आठ चारापेक्षा मोठेच होते, तेच त्यांनी इथे लावलं. त्यांना रागावू नका, हे उत्तर फळ्यावर राहू द्या.

तक्त्यांचं मात्र स्पष्ट सांगते. आठ भाग सारखे यावेत म्हणून मोजलंत तुम्ही, चुकलं तेव्हा पुन्हा केलंत तुम्ही. शिकण्यासारखं जे होतं ते तुमच्या घरीच उरकलं, वर्गाच्या वाट्याला नुसतं पाहणं आलं.

उद्या प्रत्येक मुलाला कोऱ्या कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या द्या. २४च का? अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, आठवा हिस्सा ३ सेंटिमीटर. मोजताना कुठे अडत नाही. पण घडी घालण्याआधी वहीत अंदाज लिहून घ्या : आठ भाग केले तर एक भाग पावापेक्षा मोठा येईल की लहान? अंदाज लिहिल्याशिवाय कागदाला हात नाही, हे मी फार कडकपणे पाळत असे. ज्या मुलानं आधी काही ठरवलेलं असतं, तेच घडी उलगडताना चमकतं.

मधोमध एकदा दुमडलं की अर्धा, दोनदा पाव, तीनदा आठवा हिस्सा. मग म्हणा, आता तीन सारखे भाग करा. वर्ग गप्प होतो. निम्मं निम्मं करत गेलं की २, ४, ८, १६ येतात, तीन काही येत नाहीत. पहिल्या वर्षी मी घाईनं नागमोडी घडी करून दाखवली आणि पाठ तिथंच संपला. पुढच्या वर्षी तोंड मिटून उभी राहिले. एका मुलीनं पट्टी बोटांभोवती सैल गुंडाळली, टोकं सरकवत कडा जुळवल्या आणि मग दाबली. तिच्याकडून साऱ्या वर्गानं ते उचललं. त्या दहा मिनिटांच्या शांततेला घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी एका बाकावर न सांगता ३२ सेंटिमीटरच्या पट्ट्या द्या. त्यांचा पाव ८ सेंटिमीटर येतो, म्हणजे इतरांच्या तिसऱ्या हिश्शाएवढा! मुलं भांडतील, भांडू द्या. ‘पाव, पण कशाचा पाव?’ हा प्रश्न त्यांच्यातल्याच कुणीतरी विचारेपर्यंत थांबा. अपूर्णांकांतला सगळ्यात अवघड मुद्दा हाच, आणि पुस्तकात तो एका ओळीत उरकलेला असतो.

शब्दही हाताशी आहेत. पाव, अर्धा, पाऊण मुलं शाळेत येण्याआधीपासून बोलतात. ‘पाऊण’ म्हणजे पाव ऊन, पाव कमी. पट्टीचा एक पाव मागे दुमडायला सांगा, ३/४ समोर दिसेल. छेद-अंश हे शब्द त्यानंतर.

घडीकाम जुनंच आहे. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिच्या हस्तकामांत कागदाच्या घड्या होत्या. नवं काही शोधायचं ओझं बाळगू नका. गाणं ठेवा, पण शेवटी. तक्ते मुलांच्या पट्ट्यांशेजारी लावा.

वेळ उरला तर एकसारखे दोन चौकोनी कागद घ्या. एक मधोमध कापा, दुसरा कर्णावर. अर्धा आयत मोठा की अर्धा त्रिकोण? बरेच जण त्रिकोण म्हणतील. त्रिकोणाची एक काटकोनी बाजू निम्म्यावर धरून दुसरीला समांतर काप द्या आणि वरचा तुकडा फिरवून बाजूला लावा. तोच आयत तयार होतो. कात्री द्यायच्या आधी किती जणांनी त्रिकोण म्हटलं, तो आकडा फळ्यावर लिहून ठेवा.