स्वरयंत्र काढल्यानंतरचा आवाज

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

स्वरयंत्र काढलेले रुग्ण आता तुझ्याकडे वाचोपचारासाठी येऊ लागतील. त्यांना आवाज मिळवून देण्याचा इतिहास बहुधा एकामागून एक निघालेल्या उपकरणांचा म्हणून शिकवला जातो; तू तो गिळण्याच्या बाजूने वाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्वरयंत्र गेले तरी जीभ, ओठ आणि टाळू शाबूत असले, तर कुठूनही कंपन मिळाले की शब्द घडवता येतो. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ न देणे हे स्वरयंत्राचे दुसरे काम भरून काढणे मात्र फार अवघड ठरले.

व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांनी 1873 च्या अखेरीस कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले आणि त्यांचे सहायक गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कंप पावणारी पत्ती बसवलेले कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. त्यातून एकसुरी, पण समजण्याजोगा आवाज निघाला. पुढे ग्लुक यांनी श्वासनलिकेचे तोंड मानेच्या त्वचेला शिवून श्वासाचा आणि अन्नाचा मार्ग वेगळा केला. शस्त्रक्रिया त्यामुळे पुष्कळ सुरक्षित झाली, परंतु फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत पोहोचेना. अन्ननलिकेत थोडी हवा घेऊन ती ढेकरेसारखी सोडत बोलणे, किंवा मानेला कंप पावणारे विद्युत उपकरण टेकवून बोलणे, हे मार्ग त्यातूनच रुळले. दोन्ही आजही उपयोगी आहेत. त्यांना कमी लेखू नकोस.

1932 मध्ये गुटमन यांनी नोंदवलेला रुग्ण मात्र मला विसरता येत नाही. त्याने बर्फ फोडायचा टोच्या तापवून स्वतःच श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पाडले आणि तो बोलू लागला. बोलता न येणे माणसाला कोणत्या थराला नेते, हे याहून स्पष्ट मी कुठे वाचलेले नाही. नंतर अनेक शल्यचिकित्सकांनी असे मार्ग तयार केले, पण कधी ते आक्रसून बंद होत, तर कधी त्यांतून पाणी श्वासनलिकेत झिरपे.

ही कोंडी सुटण्यात, 1972 मध्ये पोलंडमध्ये मोझोलेव्स्की यांनी अशा भोकात झडप बसवण्याच्या केलेल्या प्रयत्नानंतर, 1980 च्या सुमारास मोठा वाटा उचलला तो सिंगर हे शल्यचिकित्सक आणि ब्लोम हे वाचोपचारतज्ज्ञ यांनी. त्या भोकात बसणारी त्यांची सिलिकॉनची छोटी एकदिशा झडप फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत जाऊ देते आणि घोट मात्र अडवते. या जोडीतला एक जण आपल्या व्यवसायातला होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

म्हणून झडप बसवलेला रुग्ण आला की त्याला नुसते बोलते करून थांबू नकोस; रंगीत पाण्याचा घोट दे आणि मानेवरच्या छिद्रात बॅटरीचा झोत टाकून नीट पाहा. पाणी झडपेच्या मधून येत असेल, तर बहुधा तिच्यावर बुरशी साचलेली असते किंवा ती नीट मिटत नसते, आणि ती बदलावी लागते. कडेने येत असेल, तर झडपेची लांबी आणि भोकाचा आकार तपासावा लागतो. तेव्हा घाईने तशीच नवी झडप बसवू नकोस, आधी शल्यचिकित्सकांशी बोल.

तुझी शुभचिंतक