सव्हानाला आईवडिलांसोबत जाताना जुन्या घरातलं बी अँड बी घ्यावं का?

अटलांटाहून तीन दिवसांसाठी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावाला जाताय, सोबत सत्तरीतले आईवडील आहेत, आणि साधं हॉटेल घ्यावं की जुन्या घरातलं बी अँड बी (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे घरगुती खोली आणि सकाळचा नाश्ता), हा तुमचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी आम्ही माझ्या आईबाबांना घेऊन हेच केलं होतं. राहा जरूर. फक्त घराचे फोटो बघून बुक करू नका, मजला विचारून करा.

तिथली जुनी घरं उंच जोत्यावर उभी असतात. रस्त्यावरून दहा-बारा पायऱ्या चढलं की थेट दिवाणखाना. त्याच्याखाली रस्त्याच्या पातळीला असतो तो ‘गार्डन लेव्हल’. लिफ्ट क्वचितच. आम्ही फोटोतल्या छपरी पलंगावर भाळलो आणि खोली निघाली सगळ्यात वर. बाबा प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत पोचले. पलंगही एवढा उंच की चढायला बाजूला लाकडी पायरी ठेवलेली. आईने तो एकदा बघितला आणि विचारलं, “रात्री उठायचं झालं तर मी उतरू कशी?” बाबांनी उशी काढून सरळ खाली गालिच्यावर अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी आपणहून गार्डन लेव्हलची खोली दिली, म्हणून पुढची सहल निभावली.

त्या खालच्या खोलीचं छत बुटकं होतं आणि एक भिंत गिलाव्याशिवाय, उघड्या विटांची. तांबूस-राखाडी, आपल्यापेक्षा मोठी वीट. ‘सव्हाना ग्रे’ म्हणतात तिला. नदीकाठच्या हर्मिटेज नावाच्या मळ्यावर गुलाम माणसांनी हातांनी थापलेली. आईच्या माहेरी वीटभट्टी होती, त्यामुळे ती विटा बघितल्याशिवाय राहणारच नाही. चष्मा लावून तिने भिंत निरखली आणि एका विटेवर बोट ठेवलं. शेजारीशेजारी तीन खळगे, बोटांच्या पेरांएवढे. “ओली असताना उचललीय कुणीतरी. आमच्याकडे कुत्र्यांची पावलं उमटायची.” मग तिचंच बोट त्या खळग्यात ठेवून बघितलं. बसलं नाही, खळगे लहान होते.

नाश्त्याला मी मालकीणबाईंना विचारलं, खाली पूर्वी काय होतं? घर १८६५ च्या, म्हणजे गुलामगिरी संपण्याच्या आधीचं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: खाली स्वयंपाक आणि धुणंभांडी, मागे पागा, आणि पागेवरच्या माळ्यावर गुलाम झोपायचे. ती पागा आता त्यांची सगळ्यात महागडी खोली आहे! तुम्हीही हा प्रश्न जरूर विचारा. गावात भुतांच्या सहली पैशाला पासरी मिळतात, बऱ्याच घरांना आपापलं भूतही आहे, पण खाली कोण राबत होतं हे न विचारता सांगणारे कमी. जेम्स ऑगलथॉर्प या इंग्रजाने १७३३ मध्ये हे गाव वसवलं, त्यानंतर दोनच वर्षांत जॉर्जियात गुलामगिरीवर बंदी आली. ती १७५१ पासून उठली आणि पुढची ही सगळी शोभा उभी राहिली ती कापूस नि गुलामांच्या जिवावर. ऑगलथॉर्प चौकातलं ओवेन्स-थॉमस घर दाखवताना गुलामांची वस्तीही दाखवतात. तिथल्या छताला अजून जुना निळा रंग आहे. एक सकाळ त्यासाठी ठेवा.

बाकी गाव म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचं. सपाट, आणि मूळ २४ चौकांपैकी (चौक म्हणजे इथे छोटी बागच) २२ अजून शाबूत. दर दोन-तीन गल्ल्यांनी सावली आणि बाक. ओकच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात. त्यांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात, पण ते ना स्पॅनिश ना शेवाळ, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. बाबा रोज वेगळ्या चौकात पेपर वाचत बसायचे.

नाश्त्याबद्दल आधीच सांगून ठेवा. शाकाहारी म्हटलं तरी बिस्किटात चरबी असू शकते (बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे, मऊ पावासारखं). ग्रिट्स मात्र घरच्यासारखे. मक्याच्या कण्याच त्या! आईने दोन दिवस त्यात दही आणि बॅगेतलं लिंबाचं लोणचं घालून खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानेही लोणचं मागून घेतलं, पण एकदाच.

जुलै-ऑगस्ट टाळा. उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा, आणि खालच्या खोल्यांना ओलीचा वास येतो. ‘पाल्मेटो बग’ दिसला तर दचकू नका, झुरळाचं सभ्य नाव आहे ते. १७ मार्चच्या आसपास सेंट पॅट्रिकची मोठी मिरवणूक असते, तेव्हा भाडी अस्मानाला भिडतात. त्यानंतर लगेच, अझेलिया फुललेली असताना जा. भाड्यावर कर वेगळे लागतात, शिवाय राज्याचे रात्रीमागे ५ डॉलर.

आणि गाडी रस्त्यावर लावणार असाल तर खांबावरची झाडलोटीच्या दिवसाची पाटी वाचा. आम्ही विटा वाचत बसलो आणि पाटी वाचायची राहिली. दंड भरला.