बंद पडलेल्या मॉडेलचे कंट्रोल युनिट पुन्हा बनवून घेताना

आपला प्रश्न मला समजला तो असा: छापखान्यातील आपले परदेशी बनावटीचे कटिंग मशीन १९९० च्या दशकातले असून त्याचे ओतीव अंग, पाते, दाब (कागद दाबून धरणारा भाग) आणि हायड्रॉलिक्स आजही ठणठणीत आहेत, मात्र बॅकगेज (कागदाचा गठ्ठा मागून टेकतो तो, पात्याकडे पुढे-मागे सरकणारा टेका) चालवणारे कंट्रोल युनिट अधूनमधून अडकते आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल व त्याचे सुटे भाग कधीच बंद केले आहेत. त्यामुळे रिव्हर्स इंजिनिअरिंग (असलेला नमुना उकलून तसाच बनवणे) करून त्या युनिटच्या हुबेहूब दोन प्रती बनवून देणारे कोणी आहे का आणि खर्च किती येईल, हे आपल्याला हवे आहे. कार्ड दुरुस्ती आणि जुन्या मशीनवर नवे कंट्रोल बसवणे या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत आणि नेमक्या याच प्रकारच्या मशीनवर पुण्यातील एका छापखान्यात मी हात पोळून घेतले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणूस शोधण्याआधी एक गोष्ट आजच करावी. युनिट अधूनमधून का होईना चालते, याचा अर्थ त्याच्या आतील प्रोग्रॅम आणि मशीनची मापे अजून शाबूत आहेत. या पिढीच्या युनिटमध्ये प्रोग्रॅम बहुधा २७सी२५६ सारख्या ईप्रॉम चिपमध्ये (प्रोग्रॅम वीज गेली तरी जपणाऱ्या चिपमध्ये) असतो, तर आपल्या कामांची मापे आणि मशीनचे पॅरामीटर बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये असतात. ही बॅटरी बहुतेक वेळा ३.६ व्होल्टची लिथियम असते आणि ती केव्हा मान टाकेल ते सांगता येत नाही. ती बदलायची असल्यास युनिटचा पुरवठा चालू ठेवून, जाणकार माणसाकडूनच बदलून घ्यावी, कारण पुरवठा बंद करून जुनी बॅटरी उपटली की वीस-पंचवीस वर्षांचे पॅरामीटर क्षणात पुसले जातात. त्याआधी पॅरामीटरचे प्रत्येक पान पडद्यावर आणून मोबाइलने त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. ईप्रॉम चिपच्या काचेवर चिकटवलेले लेबल कोणालाही सोलू देऊ नये, कारण त्या काचेतून जाणाऱ्या अतिनील प्रकाशानेच ती चिप पुसली जाते. साध्या प्रोग्रॅमरवर (चिप वाचणाऱ्या उपकरणावर) ती तीनदा वाचावी, तिन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच वाचन खरे मानावे आणि ती फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. हे काम तासाभराचे आहे, पण ते न केल्यामुळे भंगारात गेलेली मशीन मी पाहिली आहेत.

दुसरी शक्यता अशी की आपल्याला नक्कल लागणारच नाही. माझ्याकडे ‘मेले’ म्हणून आलेल्या युनिटपैकी बऱ्याच युनिटचा दोष पॉवर सप्लायमधील सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, कनेक्टरच्या काळवंडलेल्या पिनांत किंवा तडकलेल्या सोल्डरमध्ये सापडला. अधूनमधून अडकणे आणि विशेषतः मशीन तापल्यावर अडकणे हे तर याच कुटुंबातले लक्षण आहे. १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे चांगल्या प्रतीचे कपॅसिटर घालून पाहण्याचा खर्च नगण्य असतो. पडदा गेला असेल तर तोही वेगळा प्रश्न समजावा. जुने मॉनिटर साधारण १५ किलोहर्ट्झ आडव्या वारंवारतेवर चालत आणि साधा व्हीजीए पडदा ३१.५ किलोहर्ट्झ मागतो, म्हणून थेट जोडला की काहीच दिसत नाही आणि लोक समजतात की युनिटच गेले. मध्ये रूपांतर करणारे कार्ड घातले की पडदा जिवंत होतो.

एवढे करूनही नवे युनिट हवेच असेल, तर ‘हुबेहूब प्रत’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. बोर्डाची नक्कल करणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. दोन थरांचा बोर्ड असेल तर सुटे भाग काढून दोन्ही बाजू स्कॅन करतात, ट्रॅकचा माग काढून किकॅडसारख्या मोफत प्रणालीत सर्किट उतरवतात आणि नवा बोर्ड छापून घेतात. चार थरांचा असेल तर एकेक थर घासून खाली जावे लागते, म्हणजे मूळ बोर्डाचा बळी जातो. खरी गाठ चिपच्या पोटात असते. प्रोग्रॅम बाहेरच्या ईप्रॉममध्ये असेल तर तो वाचता येतो, पण मायक्रोकंट्रोलरच्या आतच असेल आणि लॉक बिट (वाचन रोखणारे कुलूप) लावलेले असतील तर तो सरळ मार्गाने बाहेर येत नाही. हीच गोष्ट गॅल चिपची (आत तर्कजोडणी भरलेल्या छोट्या चिपची), कारण तिच्यातही सुरक्षेचा फ्यूज उडवला की आतले तर्कसमीकरण वाचता येत नाही. आपण बोर्ड पाठवा, आम्ही चिप उघडून सगळे काढून देतो, असे सांगणाऱ्या सेवा शेन्झेनमध्ये आहेत आणि त्यांचे दर पाहून मोह होतो. त्यांच्याकडे आपला एकुलता एक चालू बोर्ड पाठवू नये, एवढेच मी सांगेन. कस्टम, कुरिअर आणि चिप उघडताना होणारे नुकसान या तिघांपैकी एकानेही घात केला तर मशीन कायमचे उभे राहील.

माझे मत असे झाले आहे की अशा वेळी जुन्या कार्डाऐवजी जुन्या कार्डाच्या वागण्याची नक्कल मागावी. बॅकगेज म्हणजे शेवटी एक मोटर, एक लीडस्क्रू (फिरला की गेज सरकवणारा लांब स्क्रू), त्यावर बसवलेला एन्कोडर (स्क्रू किती फिरला ते पल्समध्ये सांगणारे उपकरण), पुढची-मागची मर्यादा सांगणारे दोन स्विच आणि ‘दाब वर आहे, पाते वर आहे’ असे सांगणारे काही संकेत आहेत. स्क्रूची पिच (एका फेऱ्यात गेज सरकतो ते अंतर) १० मिलिमीटर आणि एन्कोडर फेऱ्याला १००० पल्स देणारा असेल, तर त्याच्या दोन्ही चॅनेलच्या चढत्या-उतरत्या कडा मोजून फेऱ्याला ४००० गणती मिळतात, म्हणजे एका गणतीत गेज ०.००२५ मिलिमीटर सरकतो. कागद कापायला याहून दहापट ढोबळ अचूकताही पुरते आणि आजच्या एखाद्या साध्या पीएलसीलाही (मशीन चालवणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरलाही) हे सहज जमते. मग अडते कुठे, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

पुण्यातील त्या छापखान्यात आम्ही पीएलसी आणि टचस्क्रीन बसवला, गेज सांगितलेल्या मापावर काट्यासारखा थांबू लागला, पडद्यावर आकडाही बरोबर दिसत होता आणि आम्ही सगळे खुश होतो. कटिंग मास्तरांनी व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा कापला, कापलेल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि कडेवरून नख फिरवले. नख एका जागी अडकले. प्रत्येक गठ्ठ्यातील पहिली पट्टी बाकीच्या पट्ट्यांपेक्षा पाव मिलिमीटर अरुंद येत होती. दोन दिवस आम्ही एन्कोडर, कपलिंग आणि केबल तपासत बसलो. शेवटी कोणीतरी वर्षभरापूर्वी मोबाइलवर घेतलेली, जुन्या युनिटवर चाललेल्या कामाची चित्रफीत मिळाली आणि तिच्यात उत्तर ऐकू आले. गेज मागे जाऊन थांबल्यावर क्षणभराने पुन्हा पुढे सरकल्याचा बारीक ‘खट्’ असा आवाज दर वेळी येत होता. जुने युनिट गेजला मापाच्या थोडे मागे नेऊन नेहमी पुढच्या दिशेनेच मापावर आणत होते, म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यातली ढिलाई प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहत होती. आमचा गेज मात्र पहिल्या कापासाठी मागे जाताना मापावर थेट थांबत होता आणि पुढच्या कापांना पुढे येताना थांबत होता. एन्कोडर स्क्रूवर बसलेला असल्यामुळे त्याला नटमधली ढिलाई दिसणे शक्यच नव्हते. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या आणि नख अडकायचे थांबले.

ही गोष्ट कोणत्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेली नव्हती आणि बोर्डाची कितीही सुबक नक्कल केली असती तरी दिसली नसती. म्हणून आपले युनिट जिवंत आहे तोवर त्याचे वागणे टिपून ठेवावे. पुरवठा दिल्यापासून पहिल्या कापापर्यंतचा सगळा क्रम, गेजचा वेग कुठे कमी होतो, मर्यादा स्विच दाबला गेल्यावर काय होते, काप चालू असताना पुरवठा गेला आणि परत आला तर युनिट काय विचारते, चुकीचे माप टाकले तर कोणता संदेश येतो, हे सगळे आवाजासह चित्रित करावे. मास्तरांना शेजारी बसवून ‘हे असे का करता’ हा प्रश्न कंटाळा येईपर्यंत विचारावा. इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आला की त्याने एन्कोडर, स्विच आणि मोटर ड्राइव्हच्या तारांवर लॉजिक अ‍ॅनालायझर व ऑसिलोस्कोप (तारांवरचे संकेत टिपणारी उपकरणे) लावून तेच क्रम मोजून घ्यावेत.

आता माणूस कुठे शोधायचा. ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ अशी पाटी लावणारे लोक बहुधा यांत्रिक भागांचे थ्रीडी स्कॅनिंग करणारे निघतात आणि आपल्या उपयोगाचे नसतात. आपल्याला दोन प्रकारची माणसे लागतील. एक म्हणजे सीएनसीची (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची) कार्डे दुरुस्त करणारा, जो भोसरी-चिंचवड परिसरात किंवा कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत विचारपूस केल्यास सापडतो. दुसरा म्हणजे जुन्या मशीनवर पीएलसी बसवून देणारा. दोघे एकमेकांशी बोलणारे असतील तर उत्तम. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्रकल्प म्हणून हे काम देण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. मुले हुशार असतात, पण सत्र संपले की प्रकल्पही संपतो आणि दिवाळीच्या गर्दीत युनिट अडकले की फोन उचलायला कोणी नसते.

पहिल्या भेटीत दर विचारण्याऐवजी समोरचा माणूस काय विचारतो ते पाहावे. जो बोर्डाच्या फोटोवरूनच एकरकमी भाव सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो मशीन चालताना पाहायला येतो, वायरिंगचा नकाशा मागतो आणि मास्तरांशी बोलतो, त्याच्याशी पुढची गोष्ट करावी. खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण आतला प्रोग्रॅम वाचता येतो की नाही यावर तो अनेक पटींनी बदलतो. म्हणूनच काम टप्प्यांत द्यावे: आधी फक्त तपासणी आणि लेखी अहवाल, मग आराखडा, मग मशीनवर चाचणी, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे पैसे. सर्किटचा नकाशा, गर्बर फाइली (बोर्ड छापायला लागणाऱ्या), सुट्या भागांची यादी, प्रोग्रॅमचा मूळ सोर्स आणि पासवर्ड हे सगळे आपल्या मालकीचे असेल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. हे न लिहिल्यास मॉडेल बंद करणाऱ्या कंपनीच्या जागी आपण एका माणसावर अवलंबून राहाल आणि तोही उद्या दुबईला नोकरीला जाऊ शकतो. स्वीकृतीची कसोटीही आधीच ठरवावी. आमच्याकडे ती नंतर ‘सलग पन्नास गठ्ठे, नख अडकता कामा नये’ अशी ठरली होती. जुन्या चिप बाजारातून घ्याव्या लागल्या तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा ऑनलाइन दुकान, घासून नवा क्रमांक छापलेला माल सगळीकडे फिरतो. गरजेपेक्षा जास्त घेऊन प्रत्येक नग तपासूनच लावावा.

एका बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. पाते खाली आणणारी दोन्ही हातांची बटणे आणि समोरचा प्रकाशपडदा (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) यांचे सर्किट साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये कधीही घेऊ नये. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच पाते हलावे, एक हात सुटताच ते थांबावे आणि एखादे बटण दाबलेल्या स्थितीत अडकले तर पुढचा काप सुरूच होऊ नये, हे पाहण्यासाठी प्रमाणित सेफ्टी रिले मिळतात. तेच स्वतंत्र वायरिंगने बसवावेत. मूळ मशीनवर ही व्यवस्था चालू स्थितीत असेल तर तिला हात न लावता गेजचे कंट्रोल तेवढे बदलावे. ‘बटणाचा त्रास होतो, बायपास करून देतो’ असे म्हणणारा कारागीर आवारात पाऊल ठेवण्याच्या लायकीचा नाही.

कायद्याची शंका आपण विचारली नाहीत, पण ती पुढे येईल. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची असते, त्यामुळे त्या काळच्या मशीनची पेटंट संपलेली असणार. प्रोग्रॅमवर मात्र कॉपीराइट अजून आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला सुरक्षेसाठी बॅकअप घेण्याची आणि प्रोग्रॅमचे काम कसे चालते याचे निरीक्षण व अभ्यास करण्याची मुभा देते. तीच प्रत दुसऱ्या छापखान्यांना विकण्याची मुभा त्यात नाही, आणि मूळ कंपनीचे नाव किंवा चिन्ह नव्या पॅनेलवर छापणे तर सरळ ट्रेडमार्कचा भंग ठरेल. स्वतःच्या मशीनसाठी नवा प्रोग्रॅम लिहून घेतला तर हा प्रश्न बहुतांशी उरत नाही. युनिट विकण्याचा विचार असेल तर वकिलाला विचारावे.

स्क्रूचा नट किंवा एखादा गिअर झिजला असेल तर तो याच संधीत करून घ्यावा. फक्त मशीन कोणत्या देशातले आहे ते आधी पाहावे. इंची मापाचा १० डीपीचा (डीपी म्हणजे दात्यांच्या आकाराचे इंची माप) गिअर म्हणजे २.५४ मॉड्युल (तेच माप मिलिमीटरमध्ये), आणि झिजलेला तुकडा मोजणारा कारागीर त्याला हटकून २.५ मॉड्युल समजतो. ३० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास पहिल्या हिशेबाने ८१.२८ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याने ८०. अशा भागांच्या मोजमापासाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करता येईल.

आपण बोर्डाची दोन्ही बाजूंची, चिपवरील क्रमांक वाचता येतील अशी छायाचित्रे आणि एन्कोडरवरच्या पाटीचे छायाचित्र पाठवले, तर प्रोग्रॅम बाहेर वाचता येईल की नाही आणि जुना एन्कोडर नव्या पीएलसीला थेट जोडता येईल की नाही, एवढे मी पाहून सांगू शकेन. एन्कोडर ५ व्होल्टचा आहे की २४ व्होल्टचा, ते पाटीवर लिहिलेले असते; ती पाटी पुसली गेली असेल तर केबलमधील तारांची संख्या आणि रंग कळवावेत.