यू-टर्न घेताना मागून करकर आणि थरथर: एलएसडी गेलं असं समजायचं का?

तुमच्या प्रश्नातला मुद्दा इतका: 2017 ची सेकंडहँड मस्टँग जीटी, गाडी नाशिकमध्ये. गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं ऑइल बदलून '90 नंबर' घातलं आणि तेव्हापासून पार्किंगमधून वळताना मागून करकर येते, गाडी थरथरते. शिवाय हायवेला 80-90 च्या आसपास बारीक 'हूंऽऽ' ऐकू येतं. गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण डिफरन्शियल बदला.

इतक्यावर बदलू नका. डिफरन्शियल म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच, आणि एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, जे एकच चाक मोकळं भिरभिरू देत नाही. मुळात हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. वळणावरच्या करकरीचं खापर ऑइलवर फोडायला भरपूर जागा आहे. हायवेवरच्या सुराचा ऑइलशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. लोक इथेच गल्लत करतात: करकर आली की डिफरन्शियल बदलतात, आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची मुख्य जोडी) गुणगुणायला लागलं की त्यात ॲडिटिव्ह ओतत बसतात.

आधी करकर. प्लेट-टाइप एलएसडीमध्ये साइड गिअरच्या मागे एकाआड एक स्टीलच्या आणि घर्षणाच्या प्लेटा असतात, स्प्रिंगने दाबलेल्या. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं, म्हणजे या प्लेटांना एकमेकींवरून घसरावंच लागतं. ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण मऊ करणारं ॲडिटिव्ह) असेल तर त्या सलग घसरतात. नसेल तर चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. जड खुर्ची फरशीवर ओढली की ती टकटक उड्या मारत सरकते ना, तसंच. तो धक्का हाउसिंगमधून बॉडीत येतो आणि तुम्हाला वाटतं आत काहीतरी तुटलंय. बाजारात '90 नंबर' म्हणून मिळतं ते साधारणपणे 80डब्ल्यू-90 ग्रेडचं साधं गिअर ऑइल. ट्रकच्या किंवा जीपच्या साध्या डिफरन्शियलला ते उत्तम, पण त्यात मॉडिफायर नसतो. ऑइल बदलल्यानंतर आवाज सुरू झाला, असं तुम्हीच लिहिलंय. निम्मं निदान तिथेच झालं.

तरी गाडीत नक्की कोणतं एलएसडी आहे हे आधी बघून घ्या. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो, त्यावरून प्रकार आणि रेशो (क्राउन आणि पिनियनच्या दात्यांचं प्रमाण) दोन्ही कळतात. हाताने करायची चाचणी अशी: पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं घोडीवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक मागचं चाक फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर प्लेटांना पकड आहे. उलट दिशेला फिरलं तर एकतर डिफरन्शियल साधं आहे, किंवा प्लेटा संपल्यात, किंवा ते टॉर्सनसारखं हेलिकल गिअरचं आहे. त्याला बिनभाराचं सोडलं की ते साध्यासारखंच वागतं. हेलिकलमध्ये घर्षणाच्या प्लेटा नसतात, त्यामुळे सहसा मॉडिफायरही लागत नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. एलएसडी असलेली गाडी एकच मागचं चाक उचलून, इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरच्या चाकालाही ताकद जाते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. साध्या डिफरन्शियलवर हात बसलेले मेकॅनिक ही चूक हमखास करतात.

आता ऑइल. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, गरम ऑइल नीट निथळतं. पहिल्यांदा भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. उलट क्रमाने केलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन बसायची वेळ येते. खालचा बोल्ट नसलेल्या हाउसिंगमधून सक्शन पंपाने ओढून काढा. निघालेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि घाई न करता बघा. मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चोळल्यावर टोचणारे सुईसारखे तुकडे किंवा चमकणाऱ्या पापुद्र्या असतील तर बेअरिंग किंवा दाते सोलले जातायत. ऑइल काळंकुट्ट आणि जळका वास असेल तर प्लेटा तापल्यात.

आणि ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. सेकंडहँड गाडी आहे म्हणून मुद्दाम सांगतो: पावसाळ्यात गोदाकाठी पार्क केलेल्या गाड्या पाण्यात जाणं नाशिककरांना नवं नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा तिथल्या पार्किंगमधल्या गाड्यांचे ॲक्सल केव्हाच बुडालेले असतात. पाणी ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या वाटेतून) शिरतं, कारण गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाणी ओढतो. अशा गाडीची बेअरिंगं गंजलेली निघतात आणि तो घरघराट ऑइल बदलून जात नाही.

भरताना गाडी सपाट हवी. नुसती मागून उचललीत तर पातळी चुकते. पिट असलेलं गॅरेज गाठा किंवा चारही चाकं सारखी उचला. या पिढीच्या मस्टँगला 75डब्ल्यू-85 सिंथेटिक लागतं, दीड लिटरच्या आसपास. गाडीच्या मॅन्युअलशी पडताळून मगच घ्या. आधी मॉडिफायर ओता, मग ऑइल. उलट केलंत तर ऑइलनेच भरून जातं आणि मॉडिफायरला जागा उरत नाही. फोर्डच्या मॉडिफायरची बाटली 118 मिलीची येते, आठ-इंची वर्गातल्या (हा क्राउनचा व्यास) ट्रॅक्शन-लॉक, म्हणजे फोर्डच्या प्लेट-टाइप एलएसडीच्या, ॲक्सलला ती एक पुरते. 'अजून थोडा' म्हणून दोन-तीन बाटल्या ओतू नका. प्लेटांची पकडच जाते आणि तुमचं एलएसडी साधं डिफरन्शियल होऊन बसतं. डब्यावर 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं ऑइल असेल तर त्यात मॉडिफायर आधीच असतो. तेव्हा वेगळा घालायचा तो करकर उरली तरच, आणि तोही थोडा थोडा.

यानंतर लोक दुसऱ्याच वळणावर 'अजून आवाज येतोय' म्हणून परत फोन करतात. प्लेटांमधलं जुनं ऑइल असं लगेच निघत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत रिकामा, रुंद पट्टा बघा आणि 8-10 च्या स्पीडला इंग्रजी आठच्या आकारात दहा-बारा फेऱ्या मारा, डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे. जोर लावून चाकं फिरवायची नाहीत, हळूच. करकर पूर्ण जायला पुढे शंभरेक किलोमीटरही लागू शकतात. तरीही राहिली तर एकदा पुन्हा ऑइल बदला, कारण साध्या ऑइलचा अंश आत उरलेला असतो. दुसऱ्यांदाही फरक पडला नाही तर प्लेटांकडे वळा.

त्याआधी मागचे टायर मात्र मोजून घ्या. दोन्ही बाजूंना वेगळ्या कंपनीचे, किंवा एक नवा आणि एक निम्मा झिजलेला असेल तर सरळ रस्त्यावरही दोन चाकं वेगळ्या गतीने फिरतात. मग प्लेटा अखंड घासत राहतात, तापतात आणि चांगलं ऑइलही लवकर मरतं. नक्षीच्या खोलीत 2-3 मिलिमीटरचा फरक मला चालत नाही. हवा तर फुकटात तपासून होते.

प्लेटांची पकड मोजायची चाचणी: एकच मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. उचललेल्या बाजूच्या हबवर टॉर्क पाना लावून हळूहळू फिरवा आणि चाक कितीला फिरायला लागतं ते वाचा. फोर्डच्या 8.8 इंची ट्रॅक्शन-लॉकला साधारण 27 न्यूटन-मीटर ही खालची मर्यादा धरतात. त्याहून खूप कमी आलं तर प्लेटा आणि स्प्रिंग बदलायचे दिवस आले. आकडा भरपूर येतोय आणि झटके घेत फिरतंय, तर प्लेटा चकाकलेल्या किंवा जळलेल्या आहेत. नव्या प्लेटा बसवण्याआधी मॉडिफायर मिसळलेल्या ऑइलमध्ये अर्धा तास भिजू द्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणाला परत करकर. कॅरिअर (क्राउन आणि प्लेटा धरणारा डबा) बाहेर काढताना बेअरिंग कॅप आणि शिम (पातळ चकत्या) डावी-उजवी खूण करून त्याच जागी परत बसवा, नाहीतर क्राउनचा प्ले (दात्यांमधली मोकळीक) बिघडतो आणि नवंच दुखणं मागे लागतं.

आता हायवेचा सूर. इथे पहिला संशय टायरवर, दुसरा व्हील बेअरिंगवर, डिफरन्शियल तिसरं. समृद्धीच्या काँक्रीटवर कुठलाही रुंद टायर गातो. तिथून डांबरावर आल्यावर सूर बदलला किंवा गेला तर टायर. डिफरन्शियलला रस्ता कसला आहे याच्याशी घेणं नसतं. सरळ रिकाम्या रस्त्यावर, इंजिन चालूच ठेवून, क्षणभर न्यूट्रल करून बघा: आवाज जसाच्या तसा राहिला तर टायर किंवा व्हील बेअरिंग. लांब वळणावर डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे वळताना कमी होतो, तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघा, भार तिकडे जातो. ब्रेकच्या डस्ट शील्डमध्ये अडकलेल्या खड्यालाही विसरू नका. आपल्या रस्त्यांवर त्याने भल्याभल्यांना फसवलंय.

क्राउन-पिनियनचा सूर ॲक्सिलरेटरच्या पायावर बदलतो. पाय दिल्यावर येतो, सोडल्यावर जातो, किंवा उलट. यासाठी कसारा घाटासारखी जागा नाही: इगतपुरीकडे चढताना दात्यांची एक बाजू दाबली जाते, कसाऱ्याकडे इंजिन ब्रेकिंगवर उतरताना दुसरी. ऐकायचं काम शेजारी बसलेल्याला द्या, तुम्ही ट्रकांकडे लक्ष ठेवा. चढ-उतार दोन्हीकडे सारखाच, स्पीडबरोबर वाढणारा घरघराट असेल तर तो दात्यांचा नाही, पिनियन बेअरिंगचा.

अंदाजावर भागवायचं नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या. रेशो 3.55 असेल तर क्राउनला 39 आणि पिनियनला 11 दाते असतात. मागच्या टायरचा घेर साधारण 2.1 मीटर धरला तर 60 ला चाक सेकंदाला 7.9 वेळा फिरतं. गुणिले 39, म्हणजे 310 हर्ट्झच्या जवळ. 90 ला 460-465. त्या जागी शिखर दिसलं आणि स्पीडबरोबर सरकलं, तर तो दात्यांचाच सूर. शिखर भलतीकडेच असेल तर डिफरन्शियलला बोल लावू नका. सुराऐवजी टकटक असेल तर मोजा: चाकाच्या एका फेरीला एकदा म्हणजे क्राउनचा दाता, साडेतीनदा म्हणजे पिनियनचा.

ऑइल बदलताना गॅरेजने पुढचं पिनियन सीलही बदललं होतं का, हे जरूर विचारा. पिनियनचा नट आत एक चेपणारी स्लीव्ह दाबतो आणि त्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) ठरतो. कुणी तो एअर गनने खटाखट आवळला तर प्रीलोड प्रमाणाबाहेर जातो, बेअरिंग तापतं, आणि तुम्ही म्हणता तसा सूर लागतो. नट सैल करून हे दुरुस्त होत नाही, कारण स्लीव्ह एकदा चेपली की चेपली. नवीनच घालावी लागते. 8.8 ला जुन्या बेअरिंगवर फिरवायचा टॉर्क 0.9 ते 1.6 न्यूटन-मीटर, नव्यावर 1.8 ते 3.3. हे छोट्या, डायलच्या टॉर्क पान्यानेच कळतं, हाताच्या अंदाजाने नाही.

क्राउनचा प्ले 0.20 ते 0.38 मिलिमीटर हवा. तो मोजायला मॅग्नेटिक बेसचा डायल गेज लागतो. कार गॅरेजमध्ये तो क्वचित दिसतो, पण अंबडच्या कुठल्याही टूलरूममध्ये टेबलावर पडलेला असतो. क्राउनवर चार जागी मोजा. चारही आकडे मर्यादेत असले तरी एकमेकांत फार तफावत असेल तर क्राउन वाकडं बसलंय किंवा कॅरिअर वाकलंय. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार झालेली असतात. एकच बदलून देणारा भेटला तर गाडी परत घेऊन या.

हे वाचून थारवाले विचारतीलच, गाडी इथलीच म्हणून. तुमच्या मागच्या ॲक्सलमध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असेल तर चिखलात एक चाक सुटल्यावर येणारा 'खट्ट' हा लॉक बसल्याचा आवाज आहे, बिघाड नाही. इलेक्ट्रॉनिक एलएसडीवाल्यांनी, उदाहरणार्थ ऑक्टाव्हिया आरएस 245, मॉडिफायरच्या फंदात पडू नये. त्याच्या क्लचचं ऑइल वेगळं असतं आणि सुरुवात स्कॅनर लावूनच करायची.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: टायर मोजा, योग्य ऑइल आणि मॉडिफायर घाला, आठाच्या फेऱ्या मारा, मग घाटात सूर ऐका. निघालेल्या ऑइलमध्ये पापुद्र्या नसतील, पिनियनला हलवून प्ले लागत नसेल आणि सूर महिनोन्महिने तेवढाच राहत असेल, तर मी ते डिफरन्शियल उघडणार नाही. तुमच्या गॅरेजला पूर्ण युनिट बदलायचंच असेल तर आधी डायल गेजचे चार आकडे लिहून मागा.