विजेची गाडी आणि आपलं ऊन : वाचकांचे प्रश्न

या वेळी इलेक्ट्रिक कारवर इतके प्रश्न आलेत की स्कूटरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. बरेचसे प्रश्न एकसारखेच होते, म्हणून पाचच निवडलेत.

प्रश्न (भुसावळ, रेल्वेत नोकरी) : माझी गाडी एलएफपी बॅटरीची आहे. ड्युटीवर असताना ती दिवसभर उन्हात उभी असते, झाड नाही की शेड नाही. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो. बॅटरी पेट घेईल का?

उत्तर : पेट घ्यायची भीती आधी डोक्यातून काढा. एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेटवाली बॅटरी, ती निकेलवाल्या एनएमसीपेक्षा जास्त ताप सहन करते, आणि सेल पेटायचं तापमान आपल्या उन्हाच्या कितीतरी वर असतं. आपल्याकडे खरं नुकसान हळूहळू होतं आणि ते दिसत नाही. सेलच्या आत ग्राफाइटवर एक पातळ थर असतो, उष्णतेनं तो जाड होत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची थोडी थोडी कमी होत राहते. गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच असतं, आणि बॅटरी 100 टक्के भरून उन्हात उभी असेल तर अजून जोरात.

म्हणून उन्हाळ्यात रोजचं चार्जिंग 80 पर्यंतच ठेवा. आता एलएफपीला अधूनमधून 100 करा असं कंपन्या सांगतात आणि ते बरोबर आहे, कारण या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे गाडीचा टक्क्यांचा अंदाज चुकत जातो आणि पूर्ण भरल्यावरच तो जागेवर येतो. फक्त ते रात्री करा आणि सकाळी गाडी चालवा. 100 करून गाडी अंगणात सोडून चार दिवस लग्नाला गेलात, असं नको. दुपारी हायवेवरून घरी आलात की लगेच वायर लावू नका, रात्री दहानंतर लावा, तोवर पॅक जरा थंड होतो. दुपारच्या रणरणत्या उन्हात फास्ट चार्जर हळू चालला तर चार्जरवाल्याशी भांडू नका, गरम बॅटरी वाचवायला गाडी स्वतःच करंट कमी करते. आणि ज्यांची गाडी अजून घ्यायची आहे त्यांनी शोरूममधे विचारा की बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का. भुसावळ-जळगावच्या उन्हात नुसत्या हवेवर थंड होणारी बॅटरी मी तरी घेणार नाही.

प्रश्न (सावदा, केळीचा व्यापार) : कंपनी 450 किलोमीटर सांगते, मला हायवेला 270 मिळतात. ही फसवणूक नाही का?

उत्तर : फसवणूक नाही, पण अर्धवट माहिती नक्कीच आहे. तो आकडा लॅबमधे रोलरवर गाडी चालवून काढतात, कमी सरासरी वेगानं, एसी बंद ठेवून. तुम्ही ताशी 80 किलोमीटरवरून 100 ला गेलात की हवेचा रोध दीडपटीच्याही वर जातो, वरून एसी तासाला एक-दीड युनिट खातो. 45 युनिटची बॅटरी, युनिटला 6 किलोमीटर, झाले 270, म्हणजे तुमची गाडी ठीक आहे. उलट लांबच्या प्रवासात 270 पण धरू नका. फास्ट चार्जिंग 80 टक्क्यांनंतर एकदम मंदावतं आणि 10 टक्क्यांच्या खाली कोणी जात नाही, मग मधला 70 टक्केच हिशोब राहतो, म्हणजे दोन चार्जिंगच्या मधे 190 च्या आसपास. गाडी घेताना हा आकडा विचारायचा, तोच कोणी सांगत नाही. पेट्रोलच्या एका लिटरमधे साधारण 9 युनिट ऊर्जा असते, त्यातली बरीचशी इंजिन उष्णता म्हणून वाया घालवतं, तरीही 35 लिटरच्या टाकीपुढे 45 युनिट म्हणजे काहीच नाही. इलेक्ट्रिक मोटर काटकसरी आहे म्हणून एवढ्यात भागतं.

प्रश्न (अमळनेर तालुका) : भाऊ, आमना गावमा रातले लाईट जास, मंग गाडी चार्ज कशी करवानी?

उत्तर : भाऊ, रोज किती फिरतात ते आधी बघा. 15 अँपिअरच्या पॉइंटवर तासाला साधारण 3 युनिट जातात. 50 किलोमीटर फिरलात तर 7-8 युनिट लागतात, म्हणजे अडीच-तीन तासांचं काम, रात्री चार तास लाईट गेली तरी सकाळपर्यंत होऊन जातं. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र लावू नका, तो पंखे-लाईटसाठी असतो, तीन किलोवॅट त्याला झेपत नाही. आणि शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनवर गाडी लावायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, ज्या कामासाठी वीज दिली त्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 मधे बसतं आणि बिल जोरात येतं.

माझ्या मते बॅटरीपेक्षा वायरिंग जास्त धोक्याचं आहे. तासभर चार्जिंग झालं की प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल, सॉकेटच्या भोकांजवळचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर ताबडतोब बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, एवढं आधी करा आणि मगच गाडी घरी आणा.

प्रश्न (चाळीसगाव) : कन्नड घाट चढताना बॅटरी संपेल का?

उत्तर : नाही. पावणेदोन टनाची गाडी 300 मीटर उंच चढवायला नेहमीच्या खर्चावर साधारण दीड-दोन युनिट जास्त लागतात, बस्स. उतरताना मोटरच गाडीला अडवते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत टाकते, म्हणून त्यातलं बरंचसं परत मिळतं. पण वर कन्नडला 100 टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नका, भरलेल्या बॅटरीत वीज परत जायला जागाच नसते, मग मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. 85-90 ला चार्जिंग थांबवून निघा.

प्रश्न (धुळे) : पाच वर्षं वापरलेली सेकंडहँड इलेक्ट्रिक घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण मीटरवरच्या रेंजवर भरवसा ठेवू नका, सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट काढा. बऱ्याच कंपन्यांची बॅटरी वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असते, ती दुसऱ्या मालकाला पूर्ण लागू होते का ते लेखी घ्या, काही कंपन्या त्यात अट घालतात. टॅक्सीला चाललेली गाडी असेल तर फास्ट चार्जिंग किती झालंय ते विचारा. आणि बॅटरी पॅक खाली फ्लोअरला असतो, त्याला दगड लागून पोचा आलाय का ते बघायला गाडी लिफ्टवर चढवाच, मालक त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.