टोमॅटोची पानं आखडलीत? फवारणी नंतर, आधी पान उलटं करून बघा

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो, बाल्कनीत सकाळचं ऊन छान येतं. नर्सरीतून टोमॅटोची रोपं आणली, त्यातली दोन एकदम मस्त आहेत पण बाकीच्यांची पानं पार चुरगळलीयत, वाढ थांबलीय, फुलं येतात आणि गळून जातात. व्हिडिओ बघून आंबट ताक मारलं, एप्सम सॉल्ट घातलं, सासूबाई म्हणाल्या राख टाक, तीही टाकली. आता शेजारच्या काकू म्हणतात उपटून टाक. जीव होत नाही हो!

उत्तर: काकूंचं बरोबर निघायची शक्यता जास्त आहे, पण उपटायच्या आधी बघा की आखडायला सुरुवात कुठून झालीय, शेंड्याकडून की बुडाकडून. आखडलेलं पान म्हणजे व्हायरसच असं काही नसतं. ऊन तापलं, किंवा बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे) जरा जास्तच खुडल्या, किंवा कुंडी मधेच कोरडीठाक पडली की खालच्या जुन्या पानांची सुरळी होते, हाताला जाडसर लागतात पण रंग हिरवागार आणि वरचा शेंडा मजेत वाढत असतो. तसं असेल तर पाणी नियमित द्या, बाकी काही करू नका.

तुमच्याकडे वाढ थांबलीय म्हणजे प्रकरण वेगळं वाटतंय. शेंड्याची नवीन पानं बारीक, वर वळलेली, कडा पिवळट, आणि पेरं आखूड होऊन झाडाचा नुसता गुच्छ झालाय असं दिसलं तर तो लीफ कर्ल व्हायरस, शेतकरी पर्णगुच्छ किंवा चुरडा-मुरडा म्हणतात तोच. आता झाड हलकेच हलवा आणि पानाची खालची बाजू बघा. पांढरे कण भुर्रकन उडाले तर ती पांढरी माशी, असते जेमतेम एक मिलिमीटरची पण रोगट झाडाचा रस पिऊन शेजारच्या झाडावर बसली की झालं तिचं काम. माशी नाही, उलट बारीक जाळी आणि सरकणारे लाल ठिपके दिसले तर तो लाल कोळी, त्याला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा एक दिवसाआड मारत राहिलात तरी बराच फरक पडतो.

व्हायरसच असेल तर मात्र त्याला औषध नाही, स्पष्टच सांगते. ताक-राख सोडाच, दुकानातलं महागडं औषधसुद्धा माशीला मारतं, झाडात शिरलेल्या व्हायरसला नाही. आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते कमी पडलं तर जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, शेंडा आखडत नाही, त्यामुळे ते घालून काहीच होणार नव्हतं. तेव्हा सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, झाडावर अलगद प्लास्टिकची पिशवी घाला, आतच उपटा, तोंड बांधा आणि थेट कचऱ्यात. उघडं उपटलंत तर सगळ्या माश्या उठून चांगल्या दोन झाडांवर जातील.

त्या दोघांच्या शेंड्याच्या उंचीला माशी चिकटावी म्हणून पिवळ्या कार्डाला एरंडेल तेल फासून टांगा, आणि लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, दोन-चार थेंब लिक्विड सोप घालून आठवड्यातून एकदा संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पुढच्या वेळी रोपं लहान असतानाच पातळ व्हॉइलच्या कापडाने झाका, मच्छरदाणी नको, तिच्या भोकांतून माशी आरामात जाते. बी घरी पेरणार असाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे टोमॅटोचं वाण बघा, लीफ कर्लला बऱ्यापैकी दाद देत नाही. हायब्रिड आहे, त्यामुळे फळातलं बी धरून पुन्हा लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न: सावंतवाडीला परसात टोमॅटो लावलाय. काल टवटवीत होता, आज अख्खं झाड हिरवंच्या हिरवं मान टाकून बसलंय. पाणी घातलं तरी उठत नाही.

उत्तर: आता आणखी पाणी नको! बुडाजवळचा बोटभर खोडाचा तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टोक बुडेल असा धरा, हलवू नका. थोड्याच वेळात कापलेल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तो जिवाणूजन्य मर रोग, तुमच्याकडच्या दमट, आम्ल जमिनीत हा ठरलेला. झाड वाचत नाही, मुळासकट काढा, आणि त्या जागी टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा काही वर्षं लावू नका कारण जिवाणू मातीतच राहतो. मका लावा. टोमॅटो हवाच असेल तर दुसरीकडची माती आणून कुंडीत. धागे दिसलेच नाहीत तर मुळं बघा, गाठी असतील तर सूत्रकृमी म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, तपकिरी होऊन कुजली असतील तर पाणी जास्त झालंय.

प्रश्न: नागपूर. फळं भरपूर लागली पण प्रत्येकाचं बूड काळं पडतंय. कुठली कीड?

उत्तर: कीड नाही, रोगही नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा मातीत ते असतं, पाणीच कधी धो-धो तर कधी दोन दिवस नाही असं होतं. तुमच्याकडच्या उन्हात छोटी कुंडी दुपारपर्यंत सुकते, म्हणून मोठी कुंडी घ्या, वर वाळक्या पानांचा जाड थर द्या, पाणी रोज ठरल्या वेळी. अंड्याची टरफलं घातलीत तर ती कुजायला महिनोन्‌महिने लागतात, या हंगामाला उपयोग नाही. काळी फळं तोडून टाका, नवीन चांगली येतील, आणि तोडलेल्यातला खराब भाग कापून उरलेला टोमॅटो भाजीला खुशाल वापरा.